दोन अक्षरं, एक शनिवार

नोकरीतल्या बत्तीस वर्षांत मी परीक्षेच्या किती वर्गांवर सुपरव्हिजन केलं याची मोजदाद नाही. त्यातला एक शनिवार मात्र लख्ख आठवतो. गणिताचा पेपर होता. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी येऊन बसली. तिच्याकडे पेन नव्हतं, कंपासपेटी नव्हती. हॉल तिकीट ती आदल्या दिवशीच केंद्रावर ठेवून गेली होती. हजेरीपटावर सही घ्यायला मी तिच्यापाशी गेले तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "बाई, मला आज सही करता येणार नाही. आमचा शब्बाथ आहे." शब्बाथ म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, शनिवार. मुलीचं आडनाव रायगडकडचं, 'कर'नं संपणारं. बोलणं तुमच्याआमच्यासारखं. मी म्हटलं, "अगं, नाव तरी घाल. दोन अक्षरं लिहिलीस तर काय बिघडणार आहे?"

"दोनच अक्षरांचा प्रश्न आहे, बाई," ती म्हणाली.

तीन तास ती बसून राहिली. प्रश्नपत्रिका वाचत होती आणि तिचं बोट बाकाच्या वर, हवेत हलत होतं. दुसऱ्या सुपरवायझरला ती कुणाला तरी खुणा करतेय असं वाटलं, त्यांनी दोनदा हटकलं. सही नाही म्हणजे हजेरी नाही, असा नियम. मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं. बाहेर पडताना तिनं सांगितलं, आजी म्हणाली होती, जाऊन बस, पोर घाबरून पळाली असं कुणी म्हणायला नको.

तिचं ते वाक्य मी उद्धट समजले होते. खूप वर्षांनी ज्यू धर्मशास्त्राबद्दल वाचायला लागले तेव्हा कळलं की तिनं मला शब्दशः कायदा सांगितला होता.

मिश्ना हा इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला संकलित झालेला ज्यू धर्मनियमांचा संग्रह. त्यात शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांची यादी आहे, 'चाळिसात एक कमी' अशी. पेरणं, नांगरणं, दळणं, विणणं, बांधणं, आग पेटवणं अशा त्या एकोणचाळीस कामांत एक काम आहे 'दोन अक्षरं लिहिणं' आणि लगेच पुढचं, 'दोन अक्षरं लिहिण्यासाठी खोडणं'. आपण मराठीत 'दोन अक्षरं शिकलेला' म्हणतो ते 'थोडंसं शिकलेला' या अर्थानं. तिथं ते माप आहे. एका अक्षराला पूर्ण दोष लागत नाही, दोन झाली की लागतो.

दोनच का, यावर त्याच ग्रंथात मतभेद नोंदलेले आहेत आणि मला ते फार आवडतात. रब्बी (ज्यू धर्मगुरू) योसे म्हणतात, हे माप वाळवंटात फिरणाऱ्या पूर्वजांच्या पवित्र मंडपावरून आलं. त्या मंडपाला सोन्यानं मढवलेल्या अठ्ठेचाळीस फळ्या होत्या. मुक्काम हलला की त्या उतरवायच्या, नव्या जागी पुन्हा उभ्या करायच्या. कुठली फळी कुणाच्या शेजारची हे कळावं म्हणून जोडीच्या फळ्यांवर एकेक अक्षर घालत. आपल्याकडे जुना वाडा उतरवताना सुतार तुळयांवर खुणा करून ठेवतो, तशीच ही रीत. रब्बी यहूदा दुसरी वाट दाखवतात. कुणी 'शिमोन' लिहायला घेतलं आणि दोन अक्षरांवर थांबला, तरी 'शेम' हे एक पुरं नाव झालं. आपण 'रामचंद्र' लिहायला बसावं आणि 'राम'वर हात थांबवावा, तरी कागदावर एक माणूस उमटलेलाच असतो.

पुढचे नियम वाचताना मला माझी बालवाडी आठवत होती. शाईनं लिहा, गेरूनं लिहा, डिंकानं, हिराकसानं, खूण मागे ठेवणाऱ्या कशानंही लिहा, दोष लागतो. भाषा कुठलीही चालेल, म्हणजे देवनागरीही आलीच. पण फळांच्या रसानं लिहिलं, रस्त्यावरच्या धुळीत लिहिलं, तर तो दोष नाही, कारण ते टिकत नाही. धूळपाटीवरची धुळाक्षरं, थोडक्यात, या कायद्याच्या मापात 'लिहिणं' ठरत नाहीत. आधी लिहिलेल्यावर पुन्हा हात फिरवला, म्हणजे आपण ज्याला गिरवणं म्हणतो, तेही नाही, कारण नवं काही घडलं नाही. एक अक्षर जमिनीवर आणि एक तुळईवर लिहिलं, नाही, कारण ती एकत्र वाचता येत नाहीत. कोपऱ्यातल्या एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंतींवर लिहिलं, तर मात्र हो, कारण तिथं वाचता येतात. 'खेत' हे हिब्रू अक्षर लिहायचं मनात होतं आणि हातून 'झायिन' हे दुसरंच अक्षर दोनदा उमटलं, तर नाही, कारण ते मनातलं लिहिणं नव्हतं.

संस्कृतानं आपल्याला जो शब्द दिला त्याचा अर्थच 'न क्षरणारं'. जे झिजत नाही, ओघळत नाही, ते अक्षर. गालिलीमध्ये बसून हे नियम लावणाऱ्यांना आपला शब्द ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी त्यांची कसोटी हीच आहे: टिकतं का, वाचता येतं का, मनापासून घडवलं का. मजकूर काय आहे याला महत्त्व नाही. वाण्याची यादी आणि प्रार्थना, दोन्ही सारखंच.

इथंच बहुतेकांचा गोंधळ होतो. माझाही झाला होता. विश्रांतीचा वार म्हटल्यावर आपण कष्ट मोजायला लागतो. घरातली जड खुर्ची या खोलीतून त्या खोलीत नेलेली चालते आणि पेन्सिलीचे दोन फराटे चालत नाहीत, हे कसलं शास्त्र, असं वाटतं. पण वर्ज्य आहे ती 'मेलाखा', म्हणजे हेतुपुरस्सर, कौशल्यानं जगात काहीतरी नवं घडवणं. सहा दिवस माणूस वस्तूंवर आपली मोहोर उठवत असतो. सातव्या दिवशी जग जसं आहे तसं राहू द्यायचं. या दृष्टीनं पाहिलं तर अक्षराइतकं घडवणं दुसऱ्या कशात आहे? घाम एक थेंब निघत नाही आणि एका सहीनं जमीन एकाची दुसऱ्याची होते.

शतकं उलटली तशी ही रेषा बारीक होत गेली. सोळाव्या शतकात पोलंडमधल्या क्राकोवचे रब्बी मोशे इस्सरलिस यांनी लिहून ठेवलं की अक्षरं काढलेला केक शब्बाथला तोडू नये, कारण तोडताना अक्षर मोडतं आणि ते खोडण्यात जमा होतं. पुस्तकाच्या पानांच्या कडांवर शिक्का असेल तर पुस्तक उघडताना अक्षरं फुटतात, मिटताना जुळतात. मग उघडायचं की नाही? काहींनी नको म्हटलं. इस्सरलिस आणि त्यांच्या मताच्या लोकांनी सांगितलं, दार उघडतं-मिटतं म्हणून कुणी त्याला बांधकाम आणि मोडतोड म्हणत नाही, तसंच हे. प्रघात मोकळिकीचा पडला. त्याच इस्सरलिसांनी असंही लिहिलं आहे की बोटानं हवेत अक्षरं काढायला हरकत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं. बाकावरच्या त्या मुलीचं बोट कुणाला खुणा करत नव्हतं. तिला जेवढी मुभा होती, तेवढ्यात ती गणित सोडवत होती.

याला केसाचं साल काढणं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. एखादी गोष्ट खरोखर पाळायची ठरवली की तिची हद्द कुठं सुरू होते हे विचारावंच लागतं, आणि हद्दीवरचे प्रश्न नेहमी बारीकच असतात. आपला भाडे कायदा, आपला शेतजमिनीचा कायदा यांतही अशीच शेकडो बारीक कलमं आहेत आणि त्यांना आपण गंभीरपणे घेतो. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, रब्बी यिश्माएल बेन एलिशांची गोष्ट येते. दिव्याच्या उजेडात एकट्यानं वाचू नये, हात नकळत वात सारायला जाईल, असा नियम. ते म्हणाले, मी वाचेन आणि दिवा कलता करणार नाही. एका कथनानुसार त्यांच्या हातून तो कलला. मग त्यांनी आपल्या वहीत नोंद केली: मी यिश्माएल बेन एलिशा शब्बाथला वाचत बसलो आणि दिवा कलता केला, मंदिर पुन्हा उभं राहील तेव्हा मी पुष्ट प्रायश्चित्तबळी देईन. जेरुसलेमचं ते मंदिर तेव्हा पडलेलं होतं. देणं फेडायची जागाच उरली नव्हती, तरी त्यांनी ते खाती लिहून ठेवलं. असं मन ज्या परंपरेनं घडवलं तिच्या माणसाला 'दोन अक्षरांनी काय होतं' हे विचारणं किती उथळ होतं, ते मला उशिरा कळलं.

आता मुद्द्यावर येते. परीक्षा, नोकरभरती, मुलाखतीपूर्वीची लेखी चाचणी हे सगळं शनिवारी ठेवताना, ज्यांना त्या दिवशी लिहिता येत नाही त्यांना दुसरा दिवस मिळाला पाहिजे. उपकार म्हणून देऊ नका, नियम म्हणून द्या.

यावर जे तोडगे सुचवले जातात ते सद्भावनेनं सुचवले जातात, पण कायदा न वाचता. डाव्या हातानं लिही म्हणतात. उजव्या हाताच्या माणसानं डाव्यानं लिहिलं तर मूळ कायद्याचा पूर्ण दोष लागत नाही हे खरं, पण तिथं एक ठरलेली संज्ञा आहे, 'पातूर अवाल आसूर', म्हणजे शिक्षेतून सुटका पण मनाई कायम. रब्बींनी ते वर्ज्यच ठेवलं आहे. लेखनिक द्या म्हणतात. स्वतःला वर्ज्य असलेलं काम दुसऱ्या धर्माच्या माणसाला सांगून करवून घेणंही सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. मग आजकालचा लाडका उपाय, ओएमआर. अक्षर नाही, नुसतं वर्तुळ काळं करायचं, यात लिहिणं कुठं आलं? बाराव्या शतकातल्या मायमोनिडीसनं याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं आहे: खूण करणं ही लिहिण्याचीच उपशाखा. फळ्यांवरच्या त्या खुणा आठवा. उरला संगणक. सनातनी ज्यू शब्बाथला विजेची उपकरणं हाताळतच नाहीत, त्याची कारणमीमांसा वेगवेगळी आहे. पडद्यावरचं अक्षर 'टिकणारं' मानायचं का, यावर रब्बींत वाद आहेत. तुलनेनं उदार समजल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीनं २०१२ मध्ये विद्युत उपकरणांवरचा एक मोठा निबंध संमत केला. टिकाऊ नोंद तयार करणं हे लिहिण्याच्याच कक्षेत येतं, असा त्याचा कौल होता. उत्तर 'सबमिट' केलं की ती नोंदच झाली.

शब्बाथला कधीच लिहीत नाहीत असंही नाही. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ बाजूला सरतो, हे तत्त्व सर्वांना मान्य आहे. डॉक्टर रुग्णासाठी आवश्यक ते लिहितो. त्सोमेत या इस्रायली संस्थेनं तर अशा गरजेसाठी एक पेन तयार केलं, ज्याची शाई काही काळानं उडून जाते. टिकत नाही, म्हणून मूळ निषेधाबाहेर. गरज आहे, म्हणून रब्बींच्या मनाईतूनही वाट. रुग्णालयात, पहाऱ्यावर ते वापरतात. परीक्षेची तारीख जीवनमरणाच्या यादीत बसत नाही. आणि ती बसत नाही म्हणूनच ती हलवता येते.

आक्षेप तीन ऐकू येतात. पहिला, हे मूठभर लोक. महाराष्ट्रात ज्यूंची संख्या आज काही हजारांच्या घरात आहे, त्यातले काटेकोर शब्बाथ पाळणारे आणखी थोडे. मान्य. पण संख्या थोडी असली की सोय स्वस्तात होते, हे कुणी का बोलत नाही? एका केंद्रावर एक खोली आणि एक सुपरवायझर. शिवाय शनिवार पाळणारे ज्यूच एकटे नाहीत, सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट ख्रिस्तीही आहेत. पुण्यात त्यांचं मोठं शिक्षण केंद्र आहे.

दुसरा आक्षेप पेपर फुटण्याचा. हा खरा आहे, आणि आपल्या राज्यात तर तो हलक्यानं घेण्यासारखा अजिबात नाही. पण त्याची उत्तरं इतरांनी काढलेली आहेत. ब्रिटनच्या शालान्त परीक्षांत एखाद्याला पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी द्यावा लागला तर मधल्या वेळात तो देखरेखीखाली राहतो, फोन आणि इंटरनेटपासून दूर. अमेरिकेत सॅट ही प्रवेशपरीक्षा धार्मिक कारणानं शनिवारी देता येत नसेल तर धर्मगुरूचं पत्र आणल्यावर रविवारी देता येण्याची सोय केली गेली. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण कायद्यात तर स्पष्ट कलम आहे: धर्मश्रद्धेमुळे परीक्षा चुकली तर संस्थेनं ती पुन्हा द्यायची संधी द्यायची आणि त्यासाठी जादा शुल्क घ्यायचं नाही.

तिसरा आक्षेप धर्मनिरपेक्षतेचा. शासनानं कुणाचंच धर्मपंचांग पाहू नये. फ्रान्समध्ये हा वाद सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेला होता. १९९५ च्या निकालात त्या न्यायालयानं म्हटलं की सणासाठी वैयक्तिक सुट्टी मिळू शकते, पण जिथं शनिवारी सकाळी वर्ग आणि चाचण्या असतात अशा अभ्यासक्रमात दर शनिवारी सूट मिळणार नाही. निकाल मला कठोर वाटतो, तरी त्यातली अडचण मी समजू शकते. वर्षभराचे शनिवार आणि वर्षातला एक पेपर यांत फरक आहे. पण आपलं पंचांग धर्माकडे न पाहता बनलंय असं म्हणणारानं रविवार कुठून आला ते सांगावं. तो काही निसर्गानं नेमून दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं झगडून १० जून १८९० रोजी तो मिळवला, आणि रविवार हा खंडोबाचा वार हे त्यामागच्या युक्तिवादांत होतंच. म्हणजे आपण ज्याला सर्वांचा वार म्हणतो तोही कुणीतरी, कशाच्या तरी श्रद्धेचा दाखला देऊन, मागून घेतलेला वार आहे. मागून घेतलेलं दुसऱ्यालाही मागू द्यावं.

माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा धडा युरोपातल्या एका खटल्यात आहे. युरोपीय समुदायाच्या परिषदेनं भाषांतरकाराच्या जागेसाठी लेखी परीक्षा १६ मे १९७५ ला ठेवली. तो शावुओतचा सण होता, आणि सणालाही लिहिणं वर्ज्यच. एका ज्यू उमेदवार महिलेनं तारीख कळल्यावर दोनच दिवसांत पत्र लिहून दुसरा दिवस मागितला. नकार आला. प्रकरण लक्झेंबर्गच्या न्यायालयात गेलं. २७ ऑक्टोबर १९७६ रोजी ती हरली. कारण असं की अर्ज करताना तिनं ही अडचण कळवली नव्हती आणि तोवर इतरांना तारखा गेल्या होत्या. पण त्याच निकालात न्यायालयानं म्हटलं की वेळेत कळवलं असेल तर अशा तारखा टाळण्यासाठी शक्य ती पावलं उचलणं हे संस्थेचं काम आहे. आता अर्जात तशी जागाच नसेल तर उमेदवारानं कळवायचं कुठं? तारीखच नंतर जाहीर होणार असेल तर कशाबद्दल कळवायचं?

म्हणून माझी मागणी छोटी आहे. परीक्षेच्या अर्जात एक रकाना हवा: 'धार्मिक कारणानं ज्या वारी किंवा ज्या दिवशी आपणांस लिहिता येत नाही तो दिवस'. अंध उमेदवारासाठी रकाना आहे, लेखनिकासाठी आहे, माध्यमासाठी आहे. हा एक वाढवा. ज्यांनी तो भरला त्यांना पर्यायी दिवस किंवा सूर्यास्तानंतरची बैठक द्या; शनिवारी रात्र पडून तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. आणि हजेरीच्या सहीचा नियम बदला. माणूस समोर बसला आहे, ओळखपत्रावर त्याचा फोटो आहे, तरी सही नाही म्हणून तो नाही, ही नोंद खोटी आहे. मी ती एकदा केलेली आहे.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंना गावकरी 'शनवार तेली' म्हणत. अलिबाग, चौल, रोहा, पेण या पट्ट्यात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. त्यांची परंपरा सांगते की जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांकडे पोथ्या उरल्या नव्हत्या. हिब्रू विसरली, मराठी मायबोली झाली, आणि तरी तो वार राहिला. त्या गावांनी त्यांना शनिवारी घाणा चालव असं कधी म्हटलं असेल असं वाटत नाही. तेल रविवारी मिळायचं, लोक रविवारी यायचे. राज्य शासनानं २०१६ मध्ये या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं. पण गावानं ज्या गोष्टीवरून त्यांना नाव ठेवलं, ती गोष्ट शासनाच्या एकाही रकान्यात नाही.

त्या मुलीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी गणिताचा पेपर बुधवारी आला. योगायोगानं मी त्याच केंद्रावर होते. तिनं हजेरीपटावर पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, आडनावासकट, आणि अडीच तासांत तीन पुरवण्या मागून घेतल्या.